लाल विटेचा करडा इतिहास

लखनौची रेसिडेन्सी बघायला गेलेला माणूस आज लाल विटांच्या कमानी पाहून परततो. १८५७ पर्यंत तिथे वीट अशी फारशी दिसतच नसे. भिंतींवर, खांबांवर, कमानींच्या पोटाला चुन्याचा गिलावा होता. त्या वर्षीच्या उठावातल्या वेढ्याच्या महिन्यांत तोफगोळ्यांनी तो फोडला, छपरे कोसळली आणि आतले बांधकाम उघडे पडले. पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, फेलिचे बिआतो कॅमेरा घेऊन लखनौत आला. त्याच्या छायाचित्रांत या कमानींची वीट काळपट उमटली आहे आणि कमानीतून दिसणारे आकाश पांढरेफटक आहे. उन्हात ही वीट डोळ्यांना चांगली तांबूस दिसते. मग ती काळी का झाली? या प्रश्नाचा माग काढत गेलो, तसतसा विटेच्या कमानींकडे आणि कृष्णधवल चित्राकडे पाहण्याचा माझा दृष्टिकोन घडत गेला. हा मागोवा त्याचाच आहे.

आधी कमानीविषयी. दगडाच्या कमानीत प्रत्येक दगड पाचरीसारखा घडवतात. विटा मात्र साच्यातून सारख्या आकाराच्या निघतात. त्या गोलाईत बसवायच्या तर पाचर चुन्याची करावी लागते: दोन विटांमधली दरज आतल्या कडेला अरुंद आणि बाहेरच्या कडेला रुंद. वीट जितकी पातळ, तितका प्रत्येक दरजेवरचा हा ताण कमी आणि गोलाई तितकी सफाईदार. अवधच्या गवंड्यांची लखौरी वीट जेमतेम बोटभर जाडीची असते. नवाब आसफउद्दौलाच्या काळात, १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सुरू झालेल्या बडा इमामबाड्याचे बांधकाम याच विटेचे आहे. तिथले मधले दालन सुमारे ५० मीटर लांब आणि १५ मीटर उंच असून त्याच्या छताला तुळई नाही की लोखंड नाही. सगळा भार कमानीसारख्या वळलेल्या बांधकामाने पेलला आहे. म्हणजे विटेच्या कमानीचे खरे कसब दरजांत असते, आणि तिच्या छायाचित्रात आधी पाहायचे ते हेच: दरजा वाचता येतात का?

भारतात छायाचित्रण रुजले त्या काळात याचे उत्तर रसायनानेच ठरवून टाकले होते. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक. १८५५ मध्ये थॉमस बिग्ज विजापूरच्या इमारतींची छायाचित्रे घेत होता आणि त्याच वर्षी लिनिअस ट्राइप ब्रह्मदेशात बागानच्या विटांच्या देवळांसमोर कॅमेरा लावून उभा होता. या सर्वांच्या कागदी आणि काचेच्या निगेटिव्हवरचा लेप निळा आणि जांभळा प्रकाश तेवढा ओळखत असे. तांबडा प्रकाश त्याच्या दृष्टीने अंधारच होता. त्यामुळे निळे आकाश भरभरून उमटून पांढरे पडे आणि तांबडी वीट काळी होई. पांढरे, रिकामे आकाश ट्राइपला इतके खटकले की त्याने कित्येक निगेटिव्हवर हाताने रंग लावून ढग तयार केले. १८७४ मध्ये दरोगा अब्बास अली यांनी लखनौच्या इमारतींचा अल्बम प्रसिद्ध केला, तोवरही लेपाची ही मर्यादा कायम होती. जुन्या वास्तू म्हणजे काळवंडलेल्या, उदास वास्तू अशी जी प्रतिमा आपल्या मनात बसली आहे, तिच्यामागे वास्तूंचे वय जितके आहे तितकाच त्या काळचा हा लेप आहे.

१८७३ मध्ये बर्लिनमध्ये हेर्मान फोगेल यांना आढळले की लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर तो हिरवा प्रकाशही टिपू लागतो. यातून आलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटांवर झाडेझुडपे सुधारली, पण लाल वीट काळीच राहिली. तांबड्यासकट सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या आणि तेव्हा कुठे विटेला तिच्या वाट्याचा उजेड मिळाला. तांबडा प्रकाश टिपता येऊ लागल्याने फिल्टरला नवे काम मिळाले. भिंगापुढे लाल काच लावली की वीट उजळ आणि आकाश काळसर. हिरवी लावली की वीट गडद आणि पालवी उजळ. तोवर लेप ठरवत होता ते आता माणूस ठरवू लागला.

माझी पिढी या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर शिकली. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म आमच्यापैकी अनेकांच्या कॅमेऱ्यात असे आणि खिशात पिवळा, लाल, हिरवा असे फिल्टर. लाल फिल्टरने तीन स्टॉप प्रकाश कमी होई, म्हणून कमानीच्या सावलीत हात स्थिर ठेवणे हाच मोठा सराव होता. फिल्टर बाहेरच निवडावा लागे. एकदा खटका दाबला की विटेचा करडेपणा ठरला. डार्करूममध्ये कागदाची ग्रेड बदलून चित्राचा कॉन्ट्रास्ट कमी-जास्त करता येई, पण वीट आणि चुना यांच्यातले नाते मुळातून बदलता येत नसे.

त्या काळात शनिवारवाड्याच्या तटाने मला खूप शिकवले. पहिल्या बाजीरावाने १७३० मध्ये पाया घातलेल्या या वाड्याचा आतला भाग १८२८ च्या आगीत गेला. तट उरला. त्याचा खालचा भाग काळ्या दगडाचा आणि वरचा विटांचा. हिरव्या फिल्टरमधून पाहिले तर वीट गडद होऊन दगडाजवळ जाते आणि सगळा तट एकाच साहित्याचा वाटू लागतो. लाल फिल्टर लावला की दगड जवळजवळ तसाच राहतो, वीट उजळते आणि दोन बांधकामांमधली रेघ लांबूनही स्पष्ट दिसते. फिल्टर म्हणजे केवळ आकाश नाट्यमय करण्याची युक्ती, अशी समजूत तेव्हा सर्रास होती. तटासमोर उभे राहिल्यावर कळले की फिल्टर बांधकामाविषयी विधान करत असतो.

मग डिजिटल कॅमेरा आला. त्याच्या संवेदकावर बसणारी रंगीत चौकडी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची. १९७६ मध्ये तिचे पेटंट मंजूर झाले. तिच्यात निम्मी घरे हिरवी, पाव लाल आणि पाव निळी असतात. म्हणजे जवळजवळ प्रत्येक डिजिटल छायाचित्र आधी रंगीत असते आणि कृष्णधवल ते नंतर केले जाते. खिशातले तीन फिल्टर संगणकाच्या पडद्यावर आले, तेही चित्र काढून झाल्यानंतर.

याचा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. समजा, उन्हातल्या एका विटेची लाल, हिरवी आणि निळी मूल्ये (आकडा जितका मोठा तितका उजळपणा जास्त) अनुक्रमे १६५, ८५, ६० आहेत. शेजारच्या चुन्याची १९०, १८०, १६५ आणि कमानीतून दिसणाऱ्या आकाशाची १२०, १७०, २२०. फक्त लाल चॅनेल घेतला तर वीट १६५ आणि चुना १९०. दोघांत अंतर थोडे, त्यामुळे दरजा विरघळतात, आणि आकाश विटेपेक्षा काळे होते. फक्त निळा घेतला तर वीट ६० वर घसरते, चुना १६५ वर राहतो आणि दरजांची पांढरी जाळी उठून दिसते. आकाश मात्र २२० होऊन जवळजवळ पांढरे पडते. हे थेट बिआतोचे लखनौ आहे, काचेच्या प्लेटशिवाय मिळालेले. हिरव्यात वीट ८५, चुना १८० आणि आकाश १७०. संगणकाचे रूढ सूत्र लालला सुमारे ३० टक्के, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ टक्के वजन देते, म्हणून विशेष काही न करता रंग काढले की वीट १०६ च्या आसपास येते. इमारत तीच, ऊन तेच, आणि वीट ६० पासून १६५ पर्यंत कुठेही ठेवता येते. करड्या दगडाच्या कमानीबाबत इतकी मोकळीक मिळत नाही. हा अधिकार, आणि त्याबरोबरची जबाबदारी, विटेच्या वाट्याला आली आहे.

डिजिटलच्या पहिल्या बहरात हा अधिकार बहुतेकांनी आकाशासाठी वापरला. प्रदर्शनांत, दिनदर्शिकांत काळ्या आकाशाखाली चमकणाऱ्या कमानींची रांग लागली. ती चित्रे भव्य होती, पण त्यांतल्या विटा गुळगुळीत झाल्या होत्या आणि गवंड्याचा हात दिसेनासा झाला होता. पावसाळ्यानंतर कमानीवर धरणारे शेवाळ लाल चॅनेलमध्ये गडद डाग होऊन उमटते. पाणी कुठून मुरते ते दाखवायचे असेल तर हे फार उपयोगी, एरवी मात्र पाहणाऱ्याला तिथे भेग असल्याचा भास होतो. दुरुस्तीत घातलेल्या नव्या विटांचा तांबडेपणा वेगळा असतो. रंगांचे प्रमाण थोडे हलवले की नवे-जुने एकजीव दिसते, उलट हलवले की दुरुस्तीचे प्रत्येक ठिगळ उघडे पडते.

इतक्या वर्षांनंतर माझी पद्धत ठरली आहे. हिवाळ्यात, सूर्य खाली असताना, ऊन भिंतीला घासून जाईल अशा वेळी चित्र घ्यायचे, कारण तिरप्या उन्हात दरजेची खोली सावलीने कळते आणि कुठल्याही चॅनेलमध्ये ती पूर्ण पुसली जात नाही. कमानीच्या पोटातला अंधार आणि बाहेरचे आकाश यांत फार तफावत असेल तर आकाशाचा तपशील गेला तरी चालेल, पोटातल्या विटा हव्यात. फाइल रॉ स्वरूपात, रंगीत ठेवायची. कृष्णधवल करताना हिरव्या चॅनेलला सर्वांत जास्त वजन, लाल बेताचा आणि निळा अगदी थोडा. यात वीट गडद करड्यावर स्थिरावते, तिचा पोत राहतो, चुना उजळ राहतो आणि कमानीचा भार कुठून कुठे उतरतो ते डोळ्याला अनुसरता येते. आकाश नाट्यमय होत नाही. मला त्याची खंत नाही, कारण चित्र कमानीचे आहे.

नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांना मी आग्रहाने सांगतो की प्रत्येक चित्राबरोबर रूपांतराचे प्रमाण नोंदवून ठेवा आणि मूळ रंगीत फाइल कधीही पुसू नका. बिआतो, ट्राइप आणि अब्बास अली यांच्या चित्रांतून विटेचा खरा उजळपणा आज परत मिळवता येत नाही, कारण तांबडा प्रकाश त्यांच्या निगेटिव्हवर उमटलाच नव्हता. आपल्याकडे तो उमटतो आणि साठवलाही जातो. वाडे पडत आहेत, दरजांत सिमेंट भरले जात आहे, जुन्या विटेवर नवा गिलावा चढतो आहे. उद्या एखाद्या कमानीची डागडुजी करायला बसलेल्या अभियंत्याला किंवा गवंड्याला आपल्या चित्रातून चुन्याची पाचर मोजता आली, तर त्या कृष्णधवल चित्राने सौंदर्याबरोबर कमानीच्या जतनाचेही काम केले असे म्हणता येईल.