सातचा भोंगा आणि न संपणारा खेळ



आपल्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. कुणी शेतकरी, कुणी साखर कारखान्यात कामाला. आपल्या गावासारखंच गाव. 2022 साली या गावाचं नाव पार परदेशातल्या बातम्यांत गेलं. कारण काय, तर देवळावरचा भोंगा. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. साडेआठपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर एकमेकांशी बोलायचं.

हे कसं सुरू झालं ते ऐकण्यासारखं आहे. कोरोनात शाळा बंद पडल्या. अभ्यास मोबाइलवर आला, म्हणून पोटाला चिमटा काढून आईबापांनी पोरांच्या हातात मोबाइल दिले. शाळा पुन्हा उघडल्या, पण मोबाइल काही हातातून सुटला नाही. ग्रामपंचायतीत विषय निघाला तेव्हा आधी पुरुष मंडळी हसली. असं कुठं होतंय का, म्हणाली. मग बायकांना बोलावलं. बायकांनी काय केलं? पोरांची तक्रार करण्याआधी स्वतःचं कबूल केलं, की आम्हीही मालिकांच्या नादी लागलोय. बंद करायचं तर सगळ्या गावानं मिळून करू. 14 ऑगस्टच्या सभेत ठरलं आणि स्वातंत्र्यदिनापासून भोंगा सुरू झाला. सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला. पहिल्या पहिल्यांदा ग्रामपंचायतीच्या माणसांना घरोघरी फिरून सांगावं लागलं.

सात म्हणजे आपली दिवेलागणीची वेळ. देवापाशी दिवा लावायचा, पोरांनी हातपाय धुऊन शुभंकरोती म्हणायची. ती वेळ आपल्याकडे आधीपासून होतीच, मधल्या काळात ती मालिकेनं आणि मोबाइलनं खाल्ली. वडगावानं ती परत मागून घेतली, एवढंच.

आज मला बोलायचंय ते मोबाइलवरच्या गेमबद्दल. भोंग्याची गोष्ट आधी सांगितली, कारण गेमच्या बाबतीत आपण सगळा दोष एकट्या पोराच्या माथी मारतो. नाहीतर आईच्या. "तूच लाडावून ठेवलंयस" हे वाक्य किती घरांत ऐकू येतं ते मी सांगायला नको.

आधी हा खेळ असतो कसा, ते बघू. आमच्या लहानपणी विटीदांडू, लगोरी, कबड्डी होती. अंधार पडला की खेळ संपायचा. दम लागला की संपायचा. कुणाची आई हाक मारायची, एक भिडू गेला की डाव मोडायचा. मोबाइलच्या गेमला अंधार नाही, दम नाही आणि भिडू तर रात्री दोनलाही तयार. एक डाव संपतो न संपतो तोच दुसऱ्याचं बटण समोर येतं. तो संपू नये अशीच त्याची बांधणी असते. पोरगं जेवढा वेळ खेळत राहील तेवढा बनवणाऱ्याचा फायदा.

पबजी तुम्ही ऐकला असेल. 2020 च्या सप्टेंबरमध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली, मग तो 2021 साली नाव बदलून परत आला. या तऱ्हेच्या खेळात शंभरएक जण एकदम उतरतात आणि शेवटी जो टिकेल तो जिंकतो. एक डाव अर्धा तास चालू शकतो, आणि तो मध्येच थांबवून ठेवता येत नाही. चौघांची टोळी असते, एक जण उठला की बाकीचे तिघे अडचणीत येतात आणि उठलेल्याची श्रेणी घसरते. म्हणून तुम्ही "जेवायला ये" म्हणता आणि आतून "आलो, पाच मिनिटं" असं उत्तर येतं, तेव्हा दर वेळी ते खोटं असतंच असं नाही. त्याला खरंच उठता येत नसतं. ही गोष्ट कळली की निम्मी भांडणं कमी होतात. "आत्ता उठ" म्हणण्यापेक्षा "हा डाव झाला की नवा सुरू करायचा नाही" हे सांगणं जास्त चालतं, कारण ते पोराला पाळता येतं.

दुसरी खुबी बक्षिसांची. पेटी उघडली की कधी भारी बंदूक निघते, कधी काहीच नाही. दर वेळी मिळालं असतं तर कंटाळा आला असता. कधीच नसतं मिळालं तर सोडून दिलं असतं. "पुढच्या वेळी मिळेल" ही आशाच माणसाला बसवून ठेवते. मटक्याचा आकडा लावणाऱ्याचं तेच असतं, आणि आपल्या गावांना मटका नवा नाही. बक्षीस मिळण्याच्या आशेनं मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य सुटतं आणि तीच गोष्ट पुन्हा करावीशी वाटते. मोठ्या माणसाला निदान स्वतःला आवर घालता येतो. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पक्का व्हायला मात्र पंचविशी उजाडते. म्हणजे चौदा वर्षांच्या पोराची गाडी जोरात आहे आणि ब्रेक अजून बसवायचे आहेत.

वर रोज हजेरी लावली तर रोज बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली. पैसे टाकून कपडे, हिरे, बंदुका घ्यायच्या ते वेगळंच. तुमच्या फोनचा यूपीआय पिन पोराला ठाऊक असेल तर आज बदला. उसाचं बिल ज्या खात्यात येतं ते खातं त्या फोनला जोडलेलं असेल तर आधी बदला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्र सरकारनं ऑगस्ट 2025 मध्ये बंदीचा कायदा केला. त्याची गरज पोरांपेक्षा घरातल्या बापयांनाच जास्त होती, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

आता मनावर काय होतं ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या नव्या यादीत गेमच्या विकाराला जागा दिली आहे. 2019 साली ती यादी मंजूर झाली आणि 2022 पासून लागू झाली. पण ऐका, खेळणाऱ्या प्रत्येक पोराला हा आजार नसतो. खेळणाऱ्यांतल्या थोड्यांनाच तो होतो, हेही तीच संघटना सांगते. डॉक्टर तीन गोष्टी बघतात. खेळणं ताब्यात राहत नाही, म्हणजे कधी सुरू करायचं, किती वेळ खेळायचं, कधी थांबायचं हे काहीच हातात उरत नाही. बाकी सगळ्यापेक्षा, जेवण, मित्र, मैदान यांच्यापेक्षा गेम मोठा होतो. आणि नुकसान डोळ्यांना दिसत असतानाही खेळणं चालूच राहतं, उलट वाढतं. हे साधारण वर्षभर दिसलं आणि त्यापायी घर, शाळा, नातीगोती बिघडली, तर आजार म्हणतात. फार जोरात असेल तर वर्षभर थांबायची गरज नाही. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस पोरगं गेमवर पडून राहिलं, तर त्याला आजारी ठरवू नका.

सगळ्यात आधी मोडते ती झोप. रात्री दोनपर्यंत जागरण, सकाळी शाळेत पेंग. सात-आठ दिवस झोप मोडली तर तुमची-माझीसुद्धा चिडचिड होते, लक्ष लागत नाही, बारीकसारीक गोष्टीवरून रडू येतं. पोराचं तेच होतं आणि आपण म्हणतो, पोरगं उद्धट झालं. मग मार्क कमी येतात, घरात बोलणी बसतात. बोलणी खाल्ली की वाईट वाटतं. ते विसरायला पुन्हा गेम, कारण तिथं तो हुशार असतो, तिथं त्याला कुणी नापास म्हणत नाही. हे चाक असं फिरत राहतं.

काही वेळा चाक उलट्या बाजूनं सुरू झालेलं असतं, आणि हे आपल्या ध्यानातच येत नाही. पोरगं आधीच उदास असतं. शाळेत कुणी चिडवत असतं, घरात दारूवरून रोज भांडण असतं, किंवा त्याचं मन मुळातच एका जागी ठरत नसतं. गेम ही त्याची लपायची जागा असते. मोबाइल काढून घेतला तर लपायची जागा जाते, दुखणं तिथंच राहतं. म्हणून विचारताना "किती तास खेळतोस?" एवढंच विचारू नका. "गेम नसला की कसं वाटतं?" हेही विचारा. आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. आपल्याला तेवढंच जमत नाही.

मोबाइल हिसकावून घेणं, आपटून फोडणं, चारचौघांत अपमान करणं हे करू नका. सवय जडलेल्या पोराचा खेळ एका क्षणात तोडला की ते बेभान होऊ शकतं. रागाच्या भरात पोरांनी जिवाचं बरंवाईट करून घेतल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. वेळ हळूहळू कमी करा, आधी सांगून, शांत असताना. पहिले काही दिवस चिडचिड होणार, जेवणावर राग निघणार. तेव्हा आजीनं "दे गं त्याला, किती रडतंय" म्हणून गुपचूप फोन दिला, की तुमची मेहनत पाण्यात. त्यामुळं आजी-आजोबांना आधीच ठरावात घ्या.

रात्री घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. सगळे म्हणजे वडिलांचाही. भावोजींना हे पटवणं पोराला पटवण्यापेक्षा अवघड जाईल, मला माहीत आहे. पण "तू ठेव, मी बघतो" हे पोरं ऐकत नाहीत.

रिकामा झालेला वेळ रिकामा ठेवू नका. आपल्या भागात तालमी आहेत, कबड्डीचे संघ आहेत, गणपतीत लेझीम आहे. आणि हेही ध्यानात घ्या, की गेमवर पोराचे मित्र असतात. गेम सुटला तर ते मित्र सुटतात. त्यांना घरी बोलवा, चहा-पोहे करा, एकदा तोंडं तरी बघा त्यांची.

वडगावच्या भोंग्यानं सवयीला आळा बसतो. आजार भोंग्यानं बरा होत नाही, त्याला माणूस लागतो. पोरगं शाळेला जाईनासं झालं, अंगावर धावून येऊ लागलं, जेवण-अंघोळ सोडली, घरातून पैसे काढू लागलं, किंवा "जगून काय करू" असं एकदा जरी म्हणालं, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेलिमानस ही सरकारी फोनसेवा आहे, नंबर 14416. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. सातारच्या जिल्हा रुग्णालयात आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये 2014 पासून खास मोबाइल आणि गेमच्या सवयीसाठी दवाखाना चालतो, पण तिथवर जायची वेळ सहसा येत नाही. "वेड्याच्या डॉक्टरकडं नेलं" असं भावकी म्हणेल. म्हणू दे. चष्मा लागला तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलंच होतं की.

जाण्याआधी एक काम करा. वहीच्या एका पानावर आठवडाभर लिहून ठेवा: रात्री कधी झोपलं, सकाळी कधी उठलं, किती वेळ खेळलं, किती वेळा भांडण झालं, आणि ते कशावरून. पोराला दाखवून लिहा, लपवून नको. डॉक्टरांसमोर बसल्यावर घाबरून निम्मं विसरायला होतं, तेव्हा ते पान पुढं करा.