११४० किलोमीटर आणि तो हरवलेला पाऊण तास

मुंबई-दिल्ली हवाई अंतर साधारण ११४० किलोमीटर. प्रवासी जेट एकदा उंचीवर पोहोचलं की तासाला ८०० ते ८५० किलोमीटर कापतं. म्हणजे शाळेतल्या त्रैराशिकानं प्रवास दीड तासाच्या आतच आटपायला हवा, पण तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपासचा आकडा असतो. याचं पहिलं कारण असं, की तिकिटावरची वेळ नुसत्या उड्डाणाची नसतेच. चाकांचे अडसर काढून विमान जागेवरून हललं, तिथपासून दुसऱ्या विमानतळावर ते पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा सगळा काळ तीत धरतात. त्याला म्हणतात ‘ब्लॉक टाइम’. चढता-उतरताना विमानाचा वेग कमी असतो, तेही खरं. पण एवढ्यानं हिशेब जुळत नाही. उरलेल्या मिनिटांचा धनी आकाशात नाही, धावपट्टीवर आहे.

कुणी म्हणेल, वारा विसरलात. मुंबई-लंडन मार्गावर वारा खरोखरच हिशेब बदलतो: जाताना उंचावरचे पश्चिमी वारे तोंडावर येतात, परतताना तेच पाठीशी असतात, म्हणून परतीचा प्रवास लवकर संपतो. दिल्लीचा मार्ग मात्र बराचसा दक्षिणोत्तर. हे वारे तिथे मुख्यतः कुशीवर येतात आणि जाण्या-येण्यात फारसा भेद करत नाहीत. अडचण आहे ती मुंबईच्या दोन धावपट्ट्यांची. त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन असूनही काम जवळपास एकीचंच होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं गर्दीच्या तासांतली विमानांची ये-जा ताशी ४६ वरून ४४ वर आणायला सांगितलं, कारण विमानं शहरावर ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालत होती. दोनच विमानं कमी करून काय साधणार, असं वाटतं खरं. पण काठोकाठ भरलेल्या रांगेत एकाचा उशीर मागच्या प्रत्येकाच्या माथी बसतो. सकाळी चर्चगेटकडे निघालेल्यांना हे गणित शिकवावं लागत नाही.

विमान कंपन्यांनाही ते ठाऊक आहे. म्हणून त्या वेळापत्रकातच काही मिनिटं पदरची घालून ठेवतात. ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांत पोहोचलेलं विमान वेळेवर आलं असं धरतात, आणि मग ‘आपण वेळेआधी पोहोचलो’ ही घोषणा होते. यात फसवणूक काय, असा प्रतिवाद होतो, आणि तो अगदीच पोकळ नाही: पुढचं विमान गाठायचं असलेल्याला खोट्या चपळाईपेक्षा सैल पण खरी वेळ बरी. राजधानी एक्स्प्रेसच्या साडेपंधरा तासांपुढे पाऊण तासाचं काय घेऊन बसलात, हेही मान्य. पण या सैलपणामुळे वक्तशीरपणाच्या टक्केवारीतून रांग किती घटली ते कळत नाही. वेळापत्रक किती उदार झालं, एवढंच कळतं. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं सुटू लागली आहेत. तिथून दिल्ली जवळपास तेवढीच दूर. तरीही तिकिटावरचा आकडा घटला, तर ती करामत मोकळ्या धावपट्टीची. बोरिवलीकराला तिथवर पोहोचायला लागणारा वेळ मात्र कुठल्याच तिकिटावर छापलेला नसतो.