प्रकाशाने पाणी फोडणारे कण

बरीच वर्षे उन्हात राहिलेल्या पांढऱ्या रंगावर हात फिरविला असता पुष्कळदा बोटांना भुकटी लागते. रंग जुना झाला, एवढेच त्याचे कारण नव्हे. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड या द्रव्याचे बारीक कण असतात. हे कण उन्हातील जंबुपार किरण शोषून घेतात व त्या ऊर्जेच्या बळावर आपल्याभोवतीच्या राळेचे विघटन घडवून आणतात. स्वतः मात्र जसेच्या तसे राहतात. प्रकाशाच्या साहाय्याने रासायनिक विक्रिया घडविणाऱ्या अशा द्रव्यास प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात. रंगाचे कारखानदार या उपद्व्यापास आळा घालण्यासाठी कणांवर सिलिका किंवा अ‍ॅल्युमिना यांचे पातळ कवच चढवितात. रसायनशास्त्रज्ञांना मात्र हाच उपद्व्याप वाढवावयाचा आहे, कारण त्यायोगे पाण्यापासून हायड्रोजन मिळण्याची शक्यता आहे. खतांसाठी व तेलशुद्धीसाठी लागणारा हायड्रोजन आज बव्हंशी नैसर्गिक वायू व दगडी कोळसा यांपासून काढला जातो आणि त्यात कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो.

जपानमधील फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयाचा पाया मानला जातो. त्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडाचा स्फटिक व प्लॅटिनम ही दोन टोके तारेने जोडून पाण्यात ठेविली. स्फटिकावर प्रकाश टाकला तेव्हा स्फटिकाशी ऑक्सिजन व प्लॅटिनमशी हायड्रोजन निर्माण झाला. पुढे तार काढून टाकून ही दोन्ही कामे एकाच सूक्ष्म कणावर करवून घेण्याचे प्रयत्न सुरू झाले.

अशा कणात काय घडते ते पाहू. हे द्रव्य अर्धसंवाहक आहे. पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की त्यातील एक इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून वरच्या ऊर्जापातळीवर जातो आणि मागे एक पोकळी राहते. इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर पोहोचला तर तो हायड्रोजन निर्माण करण्यास साहाय्य करतो. पोकळी पोहोचली तर ती पाण्यातून ऑक्सिजन मोकळा करते. परंतु वाटेत या दोघांची गाठ पडली तर इलेक्ट्रॉन पुन्हा पोकळीत जाऊन बसतो आणि प्रकाशाची सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. कणाची रचना करणाऱ्याची खरी लढाई या भेटीशीच आहे.

कण लहान केला की ही वाट आखूड होते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर, म्हणजे कबड्डीच्या चार मैदानांहून अधिक भरते. यावरून कण जितका लहान तितका उत्तम, असा समज सहज होतो. तो बरोबर नाही. पृष्ठभागावर स्फटिकाची रचना तुटलेली असते, आणि अशा तुटलेल्या जागीच इलेक्ट्रॉन व पोकळी अडकून एकत्र येतात. म्हणून आकारापेक्षा निर्दोष स्फटिकाला अधिक महत्त्व द्यावे लागते.

स्ट्रॉन्शियम टायटॅनेट या द्रव्याची हकीकत या दृष्टीने फार बोलकी आहे. ते वितळलेल्या स्ट्रॉन्शियम क्लोराइडात तापविले असता त्याचे रेखीव स्फटिक बनतात. हे काम अ‍ॅल्युमिनाच्या मुशीत केले तेव्हा मुशीतील थोडे अ‍ॅल्युमिनियम स्फटिकात शिरले आणि इलेक्ट्रॉन अडकविणारे दोष त्याने कमी केले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात ३६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचा सुमारे ३० टक्के भाग कारणी लागला. मुशीने अशी मदत करावी ही गंमतच म्हटली पाहिजे!

पुढची पायरी दोमेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली गाठली. या स्फटिकाला निरनिराळ्या प्रकारचे पैलू असतात. काहींकडे इलेक्ट्रॉन जातात, तर काहींकडे पोकळ्या. संशोधकांनी धातूंच्या क्षारांच्या द्रावणात कण ठेवून त्यांवर प्रकाश टाकला. इलेक्ट्रॉन ज्या पैलूंवर येत होते तेथे ऱ्होडियम जमा झाले. पोकळ्या येत होत्या तेथे कोबाल्टचे संयुग बसले. कोणता साहाय्यक कोठे बसवावा हे जणू विद्युत्‌भारांनीच ठरविले. आणखी एक अडचण होती. ऱ्होडियमवर हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे पुन्हा पाणी बनते. म्हणून त्यावर क्रोमियम ऑक्साइडाचे पातळ कवच चढविले. हे कवच हायड्रोजनला अडवीत नाही, ऑक्सिजनला मात्र आत येऊ देत नाही. अशा कणांवर पडलेल्या ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशापैकी सुमारे ९६ टक्के भाग पाणी फोडण्याच्या कामी आला.

तथापि या आकड्याने हुरळून जाऊ नये. याच जातीच्या उत्प्रेरकाचे १०० चौरस मीटर क्षेत्राचे तक्ते जपानमध्ये उघड्यावर मांडले गेले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे सूर्याच्या एकूण ऊर्जेपैकी फार तर ०.७६ टक्के ऊर्जा हायड्रोजनात साठली. व्यवहारात परवडण्यासाठी हे प्रमाण ५ ते १० टक्के हवे, असा संशोधकांचा अंदाज आहे. ही तफावत कणाच्या रचनेतील उणिवेमुळे पडलेली नाही. स्ट्रॉन्शियम टायटॅनेट केवळ जंबुपार प्रकाश शोषते आणि उन्हात त्याचा वाटा जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास असतो. उरलेला दृश्य प्रकाश या कणांच्या दृष्टीने अंधारच होय.

दृश्य प्रकाश शोषणारी द्रव्ये ठाऊक आहेत. टँटलम नायट्राइड ६०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश घेते, कॅडमियम सल्फाइड पिवळेजर्द असते. परंतु त्यांच्यातील पोकळ्या पाण्याऐवजी त्या द्रव्यातीलच नायट्रोजनवर किंवा गंधकावर तुटून पडतात, आणि उत्प्रेरक स्वतःच झिजू लागतो. इट्रियम, टायटॅनियम, ऑक्सिजन व गंधक यांच्या एका संयुगाने ६४० नॅनोमीटरपर्यंतच्या प्रकाशात न झिजता पाणी फोडल्याचे २०१९ साली दाखविण्यात आले. त्याची कार्यक्षमता अद्याप फार कमी आहे. स्ट्रॉन्शियम टायटॅनेटाच्या बाबतीत साधलेले उपाय, म्हणजे दोष कमी करणे, पैलू निवडून साहाय्यक बसविणे व कवच चढविणे, हे या नव्या संयुगांना कसे लागू करावेत याचा शोध प्रयोगशाळांतून चालू आहे.