छपराचा उतार मोजा, मगच कौले मागवा

जून 2020 च्या ‘निसर्ग’ वादळात रायगड किनाऱ्यावरची असंख्य घरे उघडी पडली. आमच्या मामूंचे घरही त्यातलेच. मामूंचा मुलगा तेव्हा आखातात होता. त्याने फोनवर हिशेब केला: घर 30 बाय 20, म्हणजे 600 चौरस फूट, साडेआठशे मंगलोरी कौले पुरतील. कौले आली, चढली आणि एक पाखे अर्धे राहिले. पुढचा माल दुसऱ्या कारखान्याचा मिळाला. त्याच्या खाचा पहिल्या कौलात बसेनात. त्या पावसाळ्यात घरात पातेली मांडावी लागली.

चूक कुठे झाली? जमीन मोजली, छप्पर मोजले नाही.

उतार मोजणे अवघड नाही. माळ्यावर चढावे. 12 इंचांची सरळ पट्टी घेऊन तिचे एक टोक वाशाच्या खालच्या कडेस टेकवावे आणि उताराच्या दिशेने लेव्हलच्या बुडबुड्यावर आडवी धरावी. दुसऱ्या टोकाशी पट्टी व वासा यांतले उभे अंतर मोजावे. 6 इंच आले तर उतार ‘बारास सहा’. पुष्कळजण 12 इंच वाशावरच मोजतात. तो हिशेब चुकतो. पट्टी आडवीच हवी.

आता मामूंचे घर घ्या. रुंदी 20 फूट, आढे मधोमध. म्हणून एका बाजूचे आडवे अंतर 10 फूट. पागोळीसाठी 2 फूट पुढे, एकूण 12. बारास सहाला गुणक 1.12 धरतात. (बारास चारला 1.05, बारास आठला 1.20. शाळेतला पायथागोरस तो हाच!) वाशाची लांबी झाली 13 फूट 5 इंच. टोकाच्या भिंती आढ्यापर्यंत चढवलेल्या, म्हणून लांबी 30 फूटच. दोन पाखी मिळून सुमारे 805 चौरस फूट. मंगलोरी कौले चौरस मीटरला साधारण 15 लागतात, म्हणजे सव्वाअकराशेच्या आसपास. फूटतुटीचे धरून 1200 मागवावीत. आढ्यावरची कौले वेगळी. कारखान्यागणिक माप थोडे बदलते, तेव्हा दहा कौले अंगणात जोडून उघडा भाग मोजलेला बरा.

उतार कमी केला तर लाकूड वाचते, असे कंत्राटदार सांगतात. वाचते खरे, पण फार नाही: बारास सहाचा बारास चार केला तर वासा जेमतेम 9 इंचांनी आखूड होतो. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा मुलखात पाणी कौलांच्या सांध्यावर रेंगाळले, की वाऱ्याने आत शिरते आणि आधी रिपा कुजतात. आमच्या मते कोकणात कौलारू घराला बारास सहाच्या खाली जाऊ नये. पत्र्याला सांधे कमी, त्याला कमी उतार चालतो.

मामूंनी पुढच्या उन्हाळ्यात ते पाखे उतरवले. या वेळी माप सुताराने घेतले, मुलाने नव्हे.