इंदापूरचा धारा व जमिनीचें मोल

जुन्या कागदांचा संग्रह करणारांचें लक्ष बहुधा सनदा, महजर, निवाडपत्रें व काव्याच्या पोथ्या यांकडे असतें. बारामतीचें नांव निघालें कीं मोरोपंत व बाबूजी नाईक जोशी आठवतात. इंदापूरचें निघालें कीं मालोजीराजे. हें योग्यच आहे. परंतु त्याच दप्तरांतील वसूलबाकीच्या याद्या, लावणीपत्रकें, राजीनामे व गहाणखतें मात्र गांवकीचे किरकोळ कागद म्हणून बाजूस पडतात व पुष्कळदां रद्दीच्या भावानें जातात. सरकारी तिजोरीची ओढ, वसुलाची सक्ती आणि स्थावराची किंमत या तिहींचा परस्परसंबंध ज्यास जाणून घ्यावयाचा आहे, त्यास हेच कागद मुख्य होत, असें आमचें मत आहे. इंदापूर तालुक्याच्या १८३० नंतरच्या हकीकतीवरून तें दाखवितां येईल.

प्रथम जमिनीस मोल कशानें येतें तें पाहूं. पिकाच्या किंमतींतून मशागतीचा खर्च, कुळाची पोटगी व सरकारधारा वजा जातां जें उरतें, त्यावर खरेदीदार पैका देतो. पेशवाईंत मिरासदारास आपली जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा हक्क असे; उपऱ्यास तो नसे. तथापि बाकी कांहींच उरेनाशी झाली म्हणजे मिरास हें धन न राहतां ओझें होतें. हक्क कागदावर राहतो, गिऱ्हाईक नाहींसें होतें.

१८०२ ची होळकरांची स्वारी व १८०३ चा दुष्काळ यांनीं हा मुलूख उजाड केला. पुढें इस्ताव्याचा कौल देऊन, म्हणजे पहिल्या वर्षीं थोडा व पुढें वर्षानुवर्ष चढता धारा ठरवून, रयत परत आणण्यांत आली. परंतु दुसऱ्या बाजीरावाच्या मक्तेदारीनें ती घडी विसकटली. १८१८ मध्यें इंग्रजी अंमल बसला, तों पुढील दशकांत धान्याचे भाव उतरले. धारा रोकड आणि भाव खालीं, अशा कात्रींत कुणबी सांपडला.

अशा वेळीं रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्यानें नवी मोजणी केली. रिकार्डोच्या खंडविषयक सिद्धांतावर त्याचा भर होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचें निव्वळ उत्पन्न काढून त्याचे शेंकडा ५५ सरकारनें घ्यावे, असें त्यानें ठरविलें. तत्त्व नीटनेटकें दिसे. पण निव्वळ उत्पन्नाचे आंकडे हाताखालच्या कारकुनांच्या पाहणीवर उभारलेले होते, व त्या पाहणींत चुका आणि लांचलुचपत पुष्कळ झाली. १८३० च्या सुमारास हा धारा इंदापुरांत लागू झाला. तो पुरता कधींच वसूल झाला नाहीं. मग दरवर्षीं सूट. सूट कोणास किती द्यावी हें ठरविण्यास पुन्हां पाहणी. आणि पाहणींत पुन्हां लांच. वसुलासाठीं कुणब्यांचा छळही झाला, हें पुढें सरकारच्याच अहवालानें मान्य केलें. पुष्कळ कुटुंबें शेजारच्या संस्थानी मुलखांत निघून गेलीं, व पिकाऊ जमिनीचा मोठा भाग पडीत राहिला. सक्तीनें तिजोरी भरली नाहीं. सक्तीचा खर्च मात्र वाढला.

१८३५ मध्यें गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट यांनीं इंदापुरांतच नव्यानें काम आरंभिलें. निव्वळ उत्पन्न शोधण्याचा नाद त्यांनीं सोडिला. पूर्वींचा प्रत्यक्ष वसूल, भाव, पाऊस व बाजाराचें अंतर पाहून त्यांनीं आधीं दर ठरविले, आणि जमिनीच्या नऊ प्रती करून त्याप्रमाणें आकार वांटून दिला. दर पुष्कळ उतरले व ३० वर्षांकरितां कायम झाले. नको तो नंबर राजीनामा देऊन सोडण्याचीही रयतेस मोकळीक मिळाली. पडीत जमीन लागवडीस येऊं लागली, व धारा हलका होऊनही वसूल सुधारला. हीच पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालानें मुंबई इलाख्याची रीत बनली.

येथें गोष्ट संपती तर ती बोधकथा झाली असती. धारा उतरल्यानें जमिनीस मोल आलें. मोल आल्यानें ती तारणास योग्य झाली. तारणावर सावकाराचें कर्ज सहज मिळूं लागलें. अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ ते १८६५ या काळांत कापूस महागला व हातीं पैसा खेळला. त्या तेजीच्या मागोमाग, १८६७ मध्यें, इंदापूरची मुदत संपून फेरआकारणी झाली व धारा निम्म्याहून अधिक वाढला. पुढें भाव बसले. धारा व व्याज मात्र उभेच राहिलें. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत सावकारांच्या घरांदुकानांवर जमाव तुटून पडला. सुपें तेव्हां भीमथडी तालुक्यांत होतें, आज बारामतींत आहे. जमावाचा मुख्य रोख रोख्यांवर व हुकूमनाम्यांवर होता. किरकोळ कागदांचें मोल त्या कुणब्यांस संग्राहकांहून अधिक कळलें होतें, असें म्हणावें लागतें. चौकशीच्या कमिशनचे एक सभासद ऑक्लंड कॉल्व्हिन यांनीं धाऱ्याच्या वाढीसही जबाबदार धरिलें. १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें कर्जरोखे गांवच्या नोंदणी-अधिकाऱ्यासमक्ष लिहिण्याचा नियम झाला.

यावरून संग्राहकांस तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, आकाराचा आंकडा हें उत्पन्न समजूं नये. त्याशेजारचे वसूल, सूट व बाकी हे रकाने वाचावे. आजच्या नगरपरिषदेच्या हिशेबांतही मागणी व वसूल हीं निराळींच असतात. दुसरी, खरेदीखतांतील रक्कम त्या वर्षींच्या धाऱ्याशीं व भावाशीं ताडून पाहावी; नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी आल्यानंतरच्या किंमती तर पूर्वींच्या जिराईत किंमतींशीं तोलूंच नयेत. तिसरी, राजीनामा व त्याच नंबराची पुढील कबुलायत एकत्र ठेवावीं. जमीन कोणीं सोडिली, केव्हां सोडिली व ती किती वर्षें पडून राहिली, हें त्या जोडीवांचून कळत नाहीं.

सनद राजानें काय दिलें तें सांगते. बाकीची यादी प्रजेस काय देतां आलें नाहीं तें सांगते. गांवोगांवच्या जुन्या वाड्यांतून दुसऱ्या प्रकारचे कागद वाळवीच्या स्वाधीन होत आहेत. ज्यांच्या हातीं असे रुमाल येतील त्यांनीं ते न निवडतां जसेच्या तसे राखावे, इतकीच आमची विनंती आहे.