अनारशावरची खसखस आणि मेंदूतले कुलूप

पेणला आमच्या घरी दिवाळीत अनारसे थापले जातात ते भरपूर खसखशीवर. ही खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी, हे सांगितले की नव्या पाहुण्यांचा हात ताटातच थबकतो! भिण्याचे कारण नाही. झिंग बियांत नव्हे, हिरव्या बोंडाला चीर दिल्यावर पाझरणाऱ्या चिकात असते. त्या चिकातूनच सर्टुर्नर नावाच्या जर्मन तरुणाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मॉर्फिन वेगळे काढले.

या मॉर्फिनची आणि आमची गाठ पडली ती रोह्याच्या आत्यामुळे. तिचा कॅन्सर हाडांत पोहोचला होता. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. आतोबांनी त्या कपाटात ठेवून दिल्या. "अरे, ही अफूच ना? या वयात हिला व्यसन लावू?" दोन रात्री आत्या कण्हत होती. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून समजूत घालण्याचे काम माझ्याकडे आले. पेणहून एस्टीने रोहा गाठले आणि आतोबांना कुलपाची गोष्ट सांगितली.

वेदनेचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो तो एका पेशीने रसायन सोडायचे आणि दुसरीने ते टिपायचे, अशा रीतीने. या पेशींच्या आवरणात प्रथिनाची एक साखळी सात वेळा आरपार ओवलेली असते. तेच कुलूप. मॉर्फिनची किल्ली त्यात बसली की पेशीच्या आतले दुसरे एक प्रथिन जागे होते, कॅल्शियमची दारे मिटतात आणि रसायन सुटेनासे होते. पलीकडच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर जाते व ती सुस्तावते. हाड दुखतेच आहे. निरोप तेवढा क्षीण होतो.

पण बोंडाच्या चिकासाठी माणसाच्या मेंदूत कुलूप कशाला? कुलपे आहेत हे १९७३ मध्ये अमेरिकेत पर्ट व स्नायडर यांनी दाखवले. त्याच वर्षी न्यूयॉर्क आणि स्वीडनमध्येही तोच शोध लागला. उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून काढले. मेंदू स्वतःच किल्ल्या घडवतो! पाच-पाच अमिनो आम्लांच्या त्या इवल्या साखळ्यांना एन्केफॅलिन म्हणतात. अफूची किल्ली ही, म्हणा ना, चोरकिल्ली.

आतोबांची भीती मात्र अगदीच वेडगळ नव्हती. हेच कुलूप श्वासाची लय राखणाऱ्या पेशींवरही असते. गिरणीत कामाला जाणाऱ्या मुंबईच्या बाया पूर्वी तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देऊन निजवीत. त्यातली काही पुन्हा उठत नसत. अमेरिकेत फेंटानिलने घेतलेले बळीही असेच श्वास थांबून गेलेले. त्यावर नॅलॉक्सोन हा उतारा आहे. ते कुलपात शिरते, पण कुलूप फिरवत नाही, आणि मॉर्फिनला हुसकावते.

म्हणून मात्रा थोडक्यात सुरू करायची आणि दुखणे पाहून वाढवायची. शरीर औषधाला सरावते, ते एकाएकी तोडता येत नाही, हे खरे. पण व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही न सुटणारी ओढ. अंथरुणावर कण्हणाऱ्या बाईला ओढ असते ती झोपेची. हा फरक आपल्या कायद्यालाही उशिरा उमगला. १९८५च्या अंमली पदार्थांच्या कायद्यामुळे परवान्यांचे असे जंजाळ झाले की दुकानदार मॉर्फिन ठेवीनासे झाले. २०१४ मध्ये ते दुरुस्तीने सैल केले. मंदसौर-नीमचकडे परवान्याने अफू पिकवणाऱ्या देशात रुग्णाने तळमळावे, हे मला तरी लाजिरवाणे वाटते.

आतोबा बराच वेळ गप्प बसले. मग उठले आणि त्यांनीच कपाट उघडले. त्या रात्री आत्या सलग चार तास झोपली.

एक सांगायचे राहिले. ही कुलपे आतड्यांतही असतात. अतिसारावर अफू द्यायची जुनी रीत त्यामुळेच. मॉर्फिनबरोबर डॉक्टर रेचक लिहून देतात तेही त्यासाठीच. पुढचे पाच महिने आत्याची तक्रार असायची ती कॅन्सरची नव्हे, त्या रेचकाच्या चवीची.