सूचीत आहे, मजकुरात नाही

शोधनिबंधाच्या अखेरीस संदर्भसूची असते आणि मजकुरात जागोजागी तिच्याकडे नेणारे उल्लेख असतात. कुठे कंसात आडनाव आणि वर्ष, तर कुठे चौकटी कंसात नुसता क्रमांक. जमाखर्चाच्या वहीसारखा या दोन बाजूंचा ताळा जुळावा लागतो: मजकुरात ज्याचा उल्लेख झाला ते सूचीत हवे, आणि सूचीत जे आहे त्याचा मजकुरात निदान एकदा तरी उल्लेख हवा. पहिली बाजू चुकली की वाचकाला मूळ लेख सापडत नाही आणि चूक लगेच डोळ्यांत भरते. दुसरी चुकली तर वरवर काहीच बिघडलेले दिसत नाही. सूचीत एखादी नोंद जास्त, एवढेच. मजकुरात कुठेही उल्लेख न आलेल्या अशा नोंदीला प्रकाशन व्यवहारात ‘अनसायटेड रेफरन्स’ म्हणतात, आणि निबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी ती निकालात काढणे ही लेखकाची जबाबदारी असते.

एल्सव्हियर या मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांत ही गोष्ट उघडपणे समोर येते. स्वीकारलेल्या निबंधाचे प्रूफ तयार करताना सूची आणि मजकूर ताडून पाहिले जातात. जोडी न लागलेल्या नोंदी ‘अनसायटेड रेफरन्सेस’ या वेगळ्या मथळ्याखाली मांडून लेखकाला विचारले जाते, की या नोंदी मजकुरात योग्य जागी बसवा किंवा काढून टाका. लेखकाने काहीच कळवले नाही तर त्या नोंदी तशाच त्या मथळ्याखाली राहतात. छापून आलेल्या अनेक निबंधांच्या शेवटी हा मथळा आजही दिसतो. प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर दिले गेले नाही, याची ती कायमची नोंद असते.

एका जादा नोंदीने एवढे काय होते, हे समजायला उल्लेखांची मोजदाद कशी होते ते पाहावे लागते. युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात, कोणत्या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला हे दाखवणाऱ्या निर्देशसूचीची कल्पना मांडली. पुढे फिलाडेल्फियातील त्यांच्या संस्थेने १९६०च्या दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ सुरू केला. आजचे ‘वेब ऑफ सायन्स’ हे त्याचेच वाढलेले रूप. ‘स्कोपस’ ही अशीच दुसरी निर्देशसूची २००४ साली आली. या मोजणीचा कच्चा माल म्हणजे निबंधांच्या संदर्भसूच्या. त्यामुळे परिच्छेदात एखाद्या लेखाची चर्चा झाली का, यावर त्याची मोजणी अवलंबून नसते. सूचीत नाव आले की त्याच्या खात्यात एक उल्लेख जमा होतो. ज्याचा निबंधात शब्दानेही विचार झालेला नाही, त्यालाही तितकेच श्रेय मिळते. नेमणुका, बढत्या आणि नियतकालिकांची प्रतवारी या आकड्यांवर बेतलेली असताना ही चूक निरुपद्रवी म्हणता येत नाही.

या फटीचा गैरफायदाही घेतला गेला आहे. लोनी बेझांसोन, गियोम कबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या संशोधकांनी २०२३ साली एक प्रकार उघडकीस आणला. निबंध प्रसिद्ध होताना त्याची माहिती, सूचीसकट, क्रॉसरेफ या नोंदणीसंस्थेकडे संगणकीय स्वरूपात दिली जाते. काही नियतकालिकांनी दिलेल्या या माहितीत असे संदर्भ घुसडलेले होते की जे निबंधाच्या मजकुरात तर नव्हतेच, छापील सूचीतही नव्हते. तपासलेल्या तीन नियतकालिकांत नोंदलेल्या संदर्भांपैकी निदान ९ टक्के असे होते आणि त्यांचा लाभ मुख्यतः मोजक्या लेखकांना होत होता. सामान्य लेखकाची विसरलेली नोंद आणि ही लबाडी यांत हेतूचा फरक मोठा आहे. मोजणारे यंत्र मात्र दोन्ही सारख्याच विश्वासाने मोजते.

बहुतेक वेळा कारण साधे असते. समीक्षकाने निबंध आखूड करायला सांगितले, दोन परिच्छेद गेले, त्यांतले उल्लेख गेले आणि सूची तशीच राहिली. चार सहलेखकांनी आपापल्या भागाच्या सूच्या जोडल्या. समीक्षकाने सुचवलेले पाच लेख त्याला बरे वाटावे म्हणून सूचीत घातले, पण मजकुरात त्यांना जागाच सापडली नाही. आपल्याकडे आणखी एक वाट आहे. मराठीतल्या पीएचडी प्रबंधाच्या शेवटी आधारग्रंथ, संदर्भग्रंथ, कोश, नियतकालिके अशी विभागवार लांब सूची देण्याची रीत आहे. अभ्यासासाठी जे जे चाळले ते सगळे तिथे येते. प्रबंधाचे एखादे प्रकरण निबंध म्हणून पाठवताना ही संपूर्ण सूची त्याच्या मागोमाग जाते आणि १५ पानांच्या निबंधाखाली ९० ग्रंथांची नावे दिसू लागतात.

नमुन्याच्या फाइलमधूनही संदर्भ शिरतात. याचे सर्वांत चांगले उदाहरण लायडन विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग यांना सापडले आणि अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी ते २०१७ साली जगापुढे आणले. शास्त्रीय लेख कसा लिहावा याविषयीचा, व्हान डेर खेर आणि इतर दोघांच्या नावावरचा, २००० सालचा एक लेख शेकडो निबंधांच्या सूचीत होता. शोध घेता असा लेख कुठे छापलाच गेला नव्हता. संदर्भ कसा लिहायचा हे दाखवण्यासाठी एल्सव्हियरने लेखकांना दिलेल्या नमुन्यात तो रचून घातलेला होता. नमुन्यावर आपला मजकूर चढवणाऱ्यांनी ती ओळ पुसलीच नाही. अशा सुमारे ४०० निबंधांत तिची नोंद झाली. सूचीतली प्रत्येक नोंद मजकुराशी ताडून पाहिली असती, तर यांतल्या बहुतेक ठिकाणी ती पहिल्याच फेरीत पकडली गेली असती.

उल्लेख नसलेली नोंद सापडली की ती पुसून टाकण्याची घाई होते. तसे करू नये. आधी ती खरोखर उल्लेखाविना आहे का हे पाहायला हवे, कारण पुष्कळदा उल्लेख असतो पण तो जुळत नाही. मजकुरात २०१४ आणि सूचीत २०१५, असे वर्ष बदललेले असते. लेख डिसेंबरमध्ये इंटरनेटवर येतो आणि छापील अंक पुढल्या वर्षाचा असतो, तेव्हा हा घोळ हमखास होतो. जोगळेकरांसारखे आडनाव रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहिले जाते. एका अक्षराच्या फरकाने संगणकाला ती दोन माणसे वाटतात. मधले नाव आडनाव म्हणून नोंदवले गेले तरी हेच होते. एकाच लेखकाचे एकाच वर्षातले दोन लेख ‘अ’ आणि ‘ब’ लावून वेगळे केलेले असतात आणि मजकुरात ते अक्षरच राहून जाते. क्रमांकाच्या पद्धतीत ‘[४–९]’ असे लिहिले की ६ क्रमांक आतच असतो, पण ‘६’ शोधणाऱ्याला तो सापडत नाही. काही उल्लेख तक्त्याखालच्या टिपेत, आकृतीच्या ओळीत किंवा पुरवणीत असतात. नियतकालिके तक्ता आणि आकृतीतले उल्लेख ग्राह्य धरतात. स्वतंत्र पुरवणीतल्या उल्लेखांबाबत मात्र नियम वेगवेगळे आहेत, ते त्या नियतकालिकाच्या सूचनांत पाहावे लागतात. एकच काम आधी प्रीप्रिंट म्हणून आणि मग नियतकालिकात आलेले असेल, तर सूचीत त्याच्या दोन नोंदी होतात आणि त्यांतली एक उल्लेखाविना राहते.

हे सगळे चाळून झाल्यावर ज्या नोंदी उरतात, त्यांच्याबाबत विचारायचा प्रश्न एकच: या लेखामुळे निबंधात काय आले? एखादी पद्धत, आकडा, व्याख्या किंवा युक्तिवाद तिथून आला असेल, तर उल्लेख सुटला आहे आणि तो त्या नेमक्या वाक्याला जोडलाच पाहिजे. ही सर्वांत गंभीर स्थिती. केवळ सूचीत नाव घातल्याने ऋण मान्य केल्यासारखे होत नाही, कारण कोणता विचार कोणाचा हे वाचकाला कळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार साम्य तपासताना संदर्भसूची वगळली जाते; तेव्हा सॉफ्टवेअरचा अहवाल स्वच्छ आला तरी ही चूक आत राहू शकते. ती लेखकानेच शोधायची असते.

निबंधात त्या लेखातून काहीच आले नसेल, तर नोंद काढून टाकावी. इथे बहुतेकांचे मन कचरते. लेख वाचलेला असतो, चांगला असतो, कदाचित गाईडचा असतो. मग जवळचे एखादे सर्वसाधारण वाक्य पाहून त्याच्या शेपटीला तो उल्लेख लावून दिला जातो. ताळा जुळतो, प्रूफवरचा प्रश्न मिटतो आणि निबंधात एक खोटे विधान शिरते, कारण उल्लेख म्हणजे ‘या वाक्याला तिथे आधार आहे’ असे वाचकाला दिलेले वचन असते. तो आधार शोधत जाणारा वाचक रिकाम्या हाताने परततो. उल्लेखाविना राहिलेली नोंद निदान आपली अनाथ अवस्था लपवत नाही. असा चिकटवलेला उल्लेख ती लपवतो, म्हणून तो अधिक वाईट. समीक्षकाने सुचवलेला लेख गैरलागू वाटला तर संपादकाला तसे सकारण, नम्रपणे कळवावे. वाचनाचे ऋण खरे असेल पण कोणत्याही एका वाक्यापुरते नसेल, तर ते ऋणनिर्देशात मांडता येते.

प्रत्येक प्रकारच्या लेखनाला हा नियम लागू नाही. शिकागो शैलीतल्या ग्रंथसूचीत, अभ्यासलेले पण उल्लेख न केलेले ग्रंथ देण्याची मुभा आहे. मराठी विश्वकोशातल्या नोंदींखाली ‘संदर्भ’ म्हणून ग्रंथांची नावे येतात आणि मजकुरात त्यांचे उल्लेख नसतात. अधिक वाचू इच्छिणाऱ्याला वाट दाखवणे हा तिथला उद्देश. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या एपीए शैलीत सूची आणि मजकूर काटेकोर जुळावे लागतात, पण मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये विश्लेषणासाठी घेतलेले अभ्यास तारांकन करून सूचीत देता येतात आणि मजकुरात त्या प्रत्येकाचा उल्लेख सक्तीचा नसतो. उलट खासगी पत्र किंवा संभाषण फक्त मजकुरात नोंदवतात, सूचीत घेत नाहीत.

सूची हाताने न बनवणे हा यावरचा चांगला उपाय. लेटेक या अक्षरजुळणी प्रणालीबरोबर वापरले जाणारे, १९८५ साली ओरेन पटाश्निक यांनी लिहिलेले बिबटेक मुळातच फक्त उल्लेख झालेल्या नोंदी सूचीत घेते. मजकुरात उल्लेख असून नोंद नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह उमटते. ‘नोसाइट’ ही आज्ञा तारांकनासह दिली तर मात्र संग्रहातल्या सगळ्या नोंदी सूचीत उतरतात, आणि मसुद्यासाठी दिलेली ही आज्ञा शेवटपर्यंत फाइलमध्ये राहून गेल्याने पुष्कळ गोंधळ होतात. झोटेरोसारखे सॉफ्टवेअर वर्डमध्ये हेच काम करते. सहलेखकाला फाइल पाठवताना उल्लेख आणि संग्रह यांतले दुवे तोडून तिचा साधा मजकूर केला, की ही सोय संपते. म्हणून दुवे तोडण्याचे काम सर्वांत शेवटी ठेवावे आणि त्यानंतर एकदा कागदावर तपासणी करावी. एकाने सूचीतली नोंद वाचावी, दुसऱ्याने मजकुरात ती शोधून खूण करावी. मग हेच उलट दिशेने.

क्रमांकाच्या पद्धतीत एक जादा धोका आहे. क्रमांक उल्लेखाच्या क्रमाने द्यायचे असतात, त्यामुळे ४० संदर्भांतला १२वा काढला की पुढचे सगळे एकेक घराने मागे सरकतात. हे हाताने करताना एक जरी क्रमांक तसाच राहिला तरी वाक्य भलत्याच लेखाकडे बोट दाखवते. प्रूफमध्ये असे बदल करायला वेळ फार थोडा मिळतो. ते निबंध पाठवण्यापूर्वी झालेले बरे. प्रसिद्धीनंतर शुद्धिपत्राखेरीज मार्ग उरत नाही, आणि शुद्धिपत्र निघाले तरी क्रॉसरेफकडे गेलेली सूची आपोआप बदलत नाही. ती प्रकाशकाने नव्याने द्यावी लागते.